मूत्राशयाची निगा : आरशावाचून

जंतुसंसर्गाचे प्रकरण या अंकी हाती घेण्याचा वायदा मी केला होता खरा. परंतु मध्यंतरी एका वाचक भगिनींचे पत्र आले, आणि त्यातला प्रश्न वरकरणी किरकोळ दिसला तरी पुष्कळ स्त्रियांच्या वाटेत तोच आडवा येतो हे ठाऊक असल्यामुळे, मूळ मजकूर आठवडाभर तहकूब ठेवण्याची मोकळीक मी घेत आहे. कण्याच्या दुखण्यापायी या बाईंची लघवी तुंबते. दिवसातून पाच वेळा स्वहस्ते नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची विद्या त्या रुग्णालयात रीतसर शिकल्या आहेत. पण समोर आरसा असल्यावाचून त्यांचा हात म्हणून पुढे सरत नाही. परगावी लग्नकार्याला जायचे तर आरसा घ्या, तो टेकवायला जागा शोधा, उजेडाची तजवीज करा; एवढ्या बंदोबस्ताच्या नुसत्या विचारानेच त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या आहेत.

आरशावाचून जमते, आणि माझे मत विचाराल तर जमवावेच. आपल्याकडे बाईमाणसाने स्वतःचे शरीर नीट पाहणे हीच जणू आगळीक, म्हणून पहिल्या धड्याला सिस्टर आरसा पुढे धरतात हे योग्यच आहे. पण आरशात दिशांचा घोटाळा होतो, एक हात भगोष्ठ दूर धरण्यात गुंतलेला, दुसऱ्यात नळी, आणि आरसा सावरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. ज्यांना दृष्टीच नाही अशा स्त्रियाही ही क्रिया निव्वळ स्पर्शाने शिकतात, एवढा दाखला पुरे.

हात साबणाने धुऊन डाव्या हाताच्या तर्जनीने व अनामिकेने भगोष्ठ अलग करावेत आणि मधले बोट मधोमध टेकवावे. वर शिश्निकेचा उंचवटा लागतो, खाली योनिमुखाची पोकळी. या दोहोंच्या दरम्यान, योनिमुखाच्या वरच्या काठालगत, जी बारीकशी खळगी, किंवा कोणाकोणास इवलासा उंचवटा जाणवतो, तेच मूत्रद्वार. तेथवर बोट पोचले की ते उचलू नये. त्याच्याच टोकाशी नळी आणून नाभीच्या रोखाने हलकेच पुढे सारावी. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरांचा, तेव्हा ५-६ सेंटिमीटर नळी आत गेली की धार लागते. मग ती आणखी किंचित पुढे सारून थांबावे. नळी अडली तर जोर करू नये. धार न लागता ती नुसतीच आत जात राहिली तर योनीत गेली असे समजावे, आणि (ही युक्ती पुष्कळ जणींना कोणी सांगतच नाही) ती तशीच राहू द्यावी: खालचे द्वार तिने अडले की दुसरी स्वच्छ नळी तिच्या वरच्या अंगाने घालणे सोपे जाते. सबब पर्समध्ये दोन नळ्या हव्यात.

या आखूड मार्गाची जाण फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या केल्ससने शस्त्रवैद्याच्या संग्रही पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी दोन नळ्या असाव्यात असे लिहून ठेवले आहे. पुरुषांची सर्वांत मोठी १५ अंगुळांची, तर स्त्रियांच्या ९ आणि ६ अंगुळांच्या, शिवाय अधिक सरळ. आणि आज आपल्या औषधाच्या दुकानात बाईने नळी मागितली तरी पुष्कळदा पुरुषांच्या मापाची, ४० सेंटिमीटरांची, हाती ठेवली जाते! तिचा फायदाही आहे, तो नाकारू नये: खाटेवर बसल्या बसल्या दुसरे टोक भांड्यात सोडता येते. प्रवासात मात्र ती गैरसोयीची. आखूड नळी मुद्दाम मागवून घ्यावी.

एस.टी. स्थानकाच्या अंधाऱ्या मोरीत चाचपडत केलेले हे काम निर्जंतुक कसे राहणार, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर लॅपिडीस या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाचे आहे. निर्जंतुकपणाचा हट्ट सोडून स्वच्छतेवर भागवावे, पण वेळ चुकवू नये, हे १९७२ साली त्याने मांडले, ते अशा प्रसंगीच कामी येते: मूत्राशय फार ताणले गेले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना तोंड देण्याची तिची ताकद कमी होते. मांडवात आरशाअभावी तास-दोन तास कळ काढून ५०० मिलिलिटरांच्या वर लघवी साठू देणारी बाई, चाचपडत का होईना पण वेळेवर नळी घालणारीपेक्षा अधिक धोका पत्करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सराव घरीच करावा. रोजच्या पाचांपैकी एक खेप, घाई नसेल अशा वेळची, डोळे मिटून करावी. आरसा जवळ असू द्यावा, पण पालथा. बोटांना बधिरपणा असेल तर मात्र हा प्रयोग सिस्टरांच्या देखरेखीवाचून करू नये. जंतुसंसर्ग पुढल्या खेपेस.