पहिल्या पट्टीतली उचल

१९९४ च्या फेब्रुवारीत सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर मी माझा पहिला प्रोग्राम बसवला. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, डॉसवर चालणारा, एका फ्लॉपीत मावणारा. सौदा झाला की पोत्यांची वजनं भरायची, दर टाकायचा. हमाली, तोलाई आणि शेतकऱ्यानं आधी घेतलेली उचल वजा होऊन डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पट्टी छापून यायची. आठ महिने खपून मी तो लिहिला होता आणि बेरीज-वजाबाकी पैशापर्यंत जुळत होती.

तिसऱ्या दिवशी नदीकाठच्या गावातला एक शेतकरी हंगामातली पहिली गाडी घेऊन आला. माल चांगला होता, दरही बरा मिळाला. पट्टी छापून आली आणि खाली देय रक्कम होती शून्य. लागणीच्या वेळी घेतलेली उचल प्रोग्रामनं सगळीच्या सगळी कापली होती. तो माणूस काही बोलला नाही. कागदाची घडी घालून नुसता उभा राहिला. दिवाणजींनी त्याच्या हातातून ती पट्टी घेतली, बाजूला ठेवली आणि दुसरी स्वतः हातानं लिहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “ताई, हळद काय एकाच गाडीत येती व्हय? अजून दोन खेपा यायच्यात त्याच्या. पहिल्या पट्टीतनं सगळी उचल कापायची नसती. काढणीची मजुरी त्यानं कशातनं भागवायची?”

मी विचारलं, “मग किती कापायची?”

“माणूस बघून.”

हा नियम कुठल्या वहीत नव्हता. आठ महिन्यांत मी कीर्द पाहिली होती, खतावणी पाहिली होती, जुन्या पट्ट्यांचे गठ्ठे चाळले होते. पण ज्याच्या घरी लग्न आहे त्याची उचल कमी कापायची, ज्याचा माल दुसऱ्या पेढीकडं वळतोय असा वास येतो त्याची जास्त, हे फक्त दिवाणजींच्या डोक्यात होतं. प्रोग्राम दुरुस्त करायला मला आठ दिवस लागले. उचलीची बाकी प्रोग्रामनं दाखवायची आणि ‘या पट्टीत कापायची उचल’ हा रकाना दिवाणजींनी भरायचा, असं ठरलं.

गेल्या दिवाळीत माझी भाची सांगलीला आली होती. ती पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, “मावशी, तुझा तो पट्टीचा प्रोग्राम नक्की काय करतो, सांग.” मी चार वाक्यांत सांगितलं. तिनं ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाला सांगितलं. चार वाजेपर्यंत प्रोग्राम तयार झाला. मोबाइलवर चालणारा, मराठीत पट्टी देणारा, दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी देखणा. आम्ही नमुन्याचा एक शेतकरी टाकून पाहिला. देय रक्कम शून्य आली. तीस वर्षांपूर्वी मी केलेली चूक त्या यंत्रानं जशीच्या तशी केली होती. मी भाचीला दिवाणजींचा नियम सांगितला आणि चार मिनिटांत दुरुस्ती झाली.

ते आठ दिवस आणि ही चार मिनिटं मी तेव्हापासून एकमेकांशेजारी ठेवून पाहते आहे. धंद्याच्या सॉफ्टवेअरचं पुढं काय होणार, असं आता जो तो विचारतो. माझं उत्तर या दोन आकड्यांतून निघतं. प्रोग्राम लिहिण्याची किंमत झपाट्यानं उतरते आहे. काय लिहायचं हे कळण्याची किंमत मात्र होती तिथंच आहे.

धंद्याच्या सॉफ्टवेअरला आज चार शक्ती ढकलताहेत. पहिली शक्ती प्रोग्राम लिहिणाऱ्या यंत्राची. यंत्राकडून प्रोग्राम लिहून घ्यायची इच्छा जुनीच. १९५९-६० मध्ये कोबोल भाषा घडली तेव्हा साध्या इंग्रजीसारखी वाक्यं लिहून हिशेबाचं काम व्हावं, हाच हेतू होता. आपल्या पुण्यात टाटांनी १९८१ मध्ये उभारलेल्या संशोधन केंद्रातही आराखड्यावरून कोड आपोआप तयार करणाऱ्या साधनांवर वर्षानुवर्षं काम झालं. १९८६ मध्ये फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं एका निबंधात या कामातल्या अडचणींचे दोन भाग पाडले. एक अडचण साधनांची, म्हणजे भाषा, यंत्र, टंकन यांची. दुसरी मुळातल्या कामाची, म्हणजे तो व्यवहारच गुंतागुंतीचा असतो त्याची. पहिली अडचण साधनं सुधारतील तशी कमी होत जाईल. दुसरी साधनांनी जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

२०२१ मध्ये गिटहब कोपायलट आलं, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि पहिल्या अडचणीचा मोठा भाग खरोखरच वितळला. ही साधनं आधी लिहून ठेवलेला अफाट कोड आणि मजकूर शिकलेली असतात. पुढं काय येईल याचा अंदाज बांधत ती लिहितात. म्हणून लाखो वेळा लिहिलं गेलेलं काम, जसं बिल छापणं, यादी दाखवणं, पासवर्ड तपासणं, त्यांना सुरेख जमतं. दिवाणजींचा नियम कुणी कधी लिहिलाच नव्हता. तो या साधनांना कुठून कळणार?

दुसरी शक्ती कायद्याची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. लोकांना वाटतं, सॉफ्टवेअर घरासारखं एकदा बांधलं की झालं. माझा अनुभव शेताचा आहे. बांध घातला, विहीर खोदली तरी भांगलण दरवर्षी असतेच. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, बिलं बदलली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, सगळंच बदललं. २०१८ मध्ये ई-वे बिल आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ई-इन्व्हॉइस सुरू झालं ते ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांसाठी. ऑगस्ट २०२३ पर्यंत ती मर्यादा ५ कोटींवर उतरली. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केली की ती शेतीमाल राहते की नाही, हा प्रश्नसुद्धा जीएसटीत वादाचा झाला आणि निर्णय देणाऱ्या प्राधिकरणापर्यंत गेला. उत्तर काहीही येवो, प्रोग्राममध्ये ते त्याच आठवड्यात उतरावं लागतं. हे काम संपणारं नाही, आणि लहान पेढीचा सॉफ्टवेअरवरचा बराचसा खर्च याच भांगलणीवर होतो.

तिसरी शक्ती भाड्याची. १९९४ मध्ये मी प्रोग्राम एकदाच विकायची आणि पुढं दरवर्षी देखभालीचे थोडे पैसे घ्यायची. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्सनं सॉफ्टवेअर विकत न देता इंटरनेटवरून वर्गणीनं देण्याची वाट रुळवली. २००६ मध्ये ॲमेझॉननं स्वतःचे संगणक भाड्यानं द्यायला सुरुवात केली, २०१६ मध्ये त्यांचं केंद्र मुंबईत आलं. याचा फायदा मी जवळून पाहिला आहे. पूर्वी यार्डात वीज गेली की फॉक्सप्रोची फाइल बिघडायची आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी ती दुरुस्त करत बसायची. आता ती वेळ येत नाही. पण हिशेब आपल्या गाळ्यात राहिला नाही, तो दुसऱ्याच्या यंत्रावर गेला, आणि वर्गणी थकली की कुलूप लागतं. ज्या फॉक्सप्रोवर माझं पोट चाललं, ती मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये विकत घेतली, २००४ मध्ये तिची शेवटची आवृत्ती काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये आधारही थांबवला. त्यात माझी चूक नव्हती की माझ्या गिऱ्हाइकांची. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधलं की असं होऊ शकतं. म्हणून मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचं मला मोल वाटतं. त्याचा कोड उघडा आहे. एकानं सोडला तर दुसरा हाती घेऊ शकतो.

चौथी शक्ती व्याजदराची. सांगलीच्या पेढीपासून ती लांब वाटते, पण पुण्यातल्या कितीतरी घरांचे हप्ते तिच्यावर अवलंबून आहेत. अमेरिकेतला व्याजदर मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ शून्य होता. जुलै २०२३ पर्यंत तो पाच टक्क्यांच्या वर गेला. पैसा स्वस्त होता तेव्हा कंपन्यांनी भराभर माणसं घेतली, महाग झाल्यावर हात आखडला. त्यात आपला आयटी उद्योग मुख्यतः माणसं आणि तास विकत आला आहे. चार माणसांचं काम दोघं करू लागले तर बिल कशाचं लावायचं? तासांचा हिशेब हळूहळू मागं पडेल आणि काम पार पडल्याचे पैसे मिळतील, असं मला वाटतं. मला खरी काळजी आहे ती नवख्या मुलांची. सोपं काम करत करतच आम्ही शिकलो. ते यंत्राकडं गेलं तर पुढचा जाणकार तयार कुठं होणार? भाचीला शून्य दिसलं तेव्हा ते चूक आहे हे सांगायला शेजारी मी होते.

काम मात्र संपणार नाही. इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवलं होतं की वाफेची यंत्रं कमी कोळशात चालू लागल्यावर कोळशाचा खप घटला नाही, वाढला. सॉफ्टवेअरचंही तसंच होईल. तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, कराडकडचं गुऱ्हाळ, ज्यांना स्वतःच्या रीतीचा प्रोग्राम कधी परवडला नाही, ते आता करून घेतील. याचा मला आनंद आहे. धोका एवढाच की कुणीच सांभाळत नाही असे प्रोग्रामही वाढतील. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहारांच्या कंपनीत वापरातून गेलेला जुना कोड चुकून जागा झाला. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. तो कोड लिहायला किती खर्च आला होता, हे त्या दिवशी कुणाच्याच कामाचं नव्हतं.

म्हणून व्यापारी बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. नवीन सॉफ्टवेअर घेताना ते किती लवकर तयार होईल हे शेवटी विचारा. आधी विचारा, माझा सगळा हिशेब मला हवा तेव्हा बाहेर काढता येईल का? कायदा बदलला की दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत? आणि तुमच्या दिवाणजींच्या डोक्यातले नियम ते असतानाच लिहून काढा. तरुण मुलामुलींना सांगते, साधनं जरूर शिका, पण एक हंगाम पेढीवर बसा. गाडी उतरताना पाहा, सौदा ऐका, पट्टी घेऊन जाणाऱ्या माणसाचा चेहरा पाहा.

आमचे दिवाणजी आता हयात नाहीत. पेढीवरचा प्रोग्राम तीनदा नव्यानं लिहून झाला. ‘या पट्टीत कापायची उचल’ हा रकाना आजही रिकामा येतो, आणि गादीवर बसलेलं माणूस समोरच्याकडं बघून तो भरतं.