पोटावरची चरबी आणि उतारवय

वजन पूर्वीएवढेच, तरी पन्नाशीनंतर सदरा पोटावर का ताणतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर वजनकाट्यावर मिळत नाही.

चरबी म्हणजे निव्वळ साठवण, असा समज फार दिवस होता. १९९४ साली लेप्टिन हे संप्रेरक सापडले आणि तो समज मागे पडला. अंगात साठा किती आहे याची वर्दी चरबीच मेंदूला देते, असे दिसून आले.

तरुणपणी जादा अन्नाची चरबी बहुतेक कातडीखाली राहते. ही आपली कणगी समजा. उतारवयात कणगी पूर्वीइतके धान्य घेईनाशी होते, मग ते माजघरात सांडते. तशी चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात जमू लागते. त्याच काळात दंड-मांड्यांचे मांस झिजते. मांस गेले, चरबी आली, बेरीज तीच. म्हणून काटा हलत नाही.

शिवाय चरबीतल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात. त्यांची वाढ थांबते, पण त्या मरत नाहीत. दाह करणारे पदार्थ सोडत राहतात आणि शेजारच्या पेशींनाही म्हातारे करतात. चाळीत एक सडका कांदा राहून गेला म्हणजे काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. हा बारीक दाह अंगभर फिरून इन्सुलीनचे काम अडवतो. मधुमेह आणि हृदयविकार यांना वाट मिळते. लठ्ठ माणसाची चरबी तर वयाआधीच अशी म्हातारी होते.

आपल्याकडे सडपातळ देहही फसवतो. पुण्याचे डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. आम्हाला हा फोटो व्याख्यानापेक्षा बोलका वाटतो.

स्वीडनमधील २०१९ च्या एका अभ्यासात असे आढळले, की वयाबरोबर चरबीपेशीतून चरबी बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. त्या मानाने ज्यांनी आहार कमी केला नाही, त्यांचे वजन सरासरी २० टक्के वाढले. नांगर मुलाच्या हाती दिला, भाकऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या, असे आपल्या घरांतूनही होतेच. जेवण थोडे आवरावे, पण अंगमेहनत सोडू नये. मांस टिकते ते कामाने.

कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा. माप लेंग्याच्या नाडीवर घेऊ नये, ती पोटाखाली घसरलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, शिंप्याची टेप धरावी.