सीमाभागात जुनी गाडी घेताना

बेळगावात जुनी गाडी शोधणारा माणूस एकाच वेळी तीन राज्यांच्या बाजारात उभा असतो. इथल्या केए-22 च्या गाड्या असतातच. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडच्या एमएच-09, एमएच-10 आणि चोर्ला घाट चढून आलेल्या गोव्याच्या पाटीच्या गाड्याही दारात येतात. गेल्या वर्षी बाबांना दर महिन्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा आम्हीही या बाजारात उतरलो. जवळ अडीच लाख होते आणि कर्ज काढायचे नाही हे ठरलेले होते. त्या दोन महिन्यांत जे कळले ते सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

पहिली चूक स्वस्त पाटीची झाली. गोव्याची एक छोटी गाडी आवडली. इथल्या तशाच गाडीपेक्षा ती चाळीस हजारांनी कमी होती. एजंट म्हणाला, "पाटी बदलायची काय गरज साहेब, निम्मं बेळगाव असंच फिरतंय." आम्ही पाच हजार टोकन देऊन मोकळे झालो. संध्याकाळी शेजारच्या काकांनी, ज्यांचा आरटीओच्या कामांशी जुना संबंध, कागदावर हिशेब मांडून दाखवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथली नोंदणी घ्यावीच लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, हवी. त्यानंतर कर्नाटकाचा आजीवन कर. तो आपण मोजलेल्या जुन्या किमतीवर बसत नाही. गाडीची मूळ किंमत आणि वय पाहून ठरतो. कर्नाटकाचे दर गोव्यापेक्षा चढे आहेत, म्हणूनच तिकडची गाडी इथे स्वस्त दिसते. आमचे चाळीस हजार तिथेच संपत होते. जुन्या राज्यातला उरलेला कर परत मागता येतो, पण आधी इथला भरावा लागतो आणि परताव्याची वाट पाहावी लागते. टोकन बुडाले. बुडू दिले.

परराज्यातली गाडी घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यांचे घर खरोखर चंदगड किंवा गडहिंग्लजला आहे त्यांना एमएच-09 चीच गाडी सोयीची. फक्त भाव ठरवण्याआधी करासह रक्कम काढावी आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

पाटीचा दुसरा अर्थ म्हणजे गाडी कुठल्या हवेत राहिली. समुद्राजवळच्या गाडीला खालून गंज धरतो. वरचा रंग आरशासारखा चमकत असतो, म्हणून गाडी रॅम्पवर चढवून सायलेन्सर, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा पाहावा. गोव्याची गाडी पूर्वी भाड्याने फिरत होती का, हेही विचारावे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या पर्यटक चालवतात, आणि दुसऱ्याच्या गाडीचा क्लच कोण जपतो?

कोल्हापूर-सांगलीच्या गाडीबाबत वेगळी काळजी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले, तसे गाड्यांतही शिरले. पुरात बुडालेली गाडी धुऊन, नवी सीटकव्हरे घालून विकायला उभी करता येते. रोग वायरिंगमध्ये राहतो आणि महिनोन्महिने वर येत राहतो. आम्हाला मेस्त्रींनी सोपी युक्ती दाखवली. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढायचा. धुताना तिथपर्यंत सहसा कोणी पोचत नाही, त्यामुळे आतल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहिलेली असते. मग पायाखालचे मॅटिंग उचलून वास घ्यायचा आणि सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत का ते बघायचे. अशी एक गाडी आम्ही या एका सीटबेल्टवरून सोडली. ती इथलीच, केए-22 ची होती. 2019 चे पाणी बेळगाव जिल्ह्यातही आले होते, हे आम्ही विसरलो होतो.

मेस्त्रींचे दुसरे सांगणे, "गाडी गार असताना दाखवा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर परत या." गार इंजिन चालू होताना येणारा निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असावे. तिथे जास्त वेळ घालवू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, असे दिसले तर मीटर मागे फिरवले आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा. अल्टो 800 किंवा जुनी सँट्रो घेत असाल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. माहीत नसेल तर तो खर्च आपलाच धरा, कारण वाटेत पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडते. मेस्त्रींनी तपासणीचे सातशे रुपये घेतले. टोकन देण्याआधीच त्यांच्याकडे गेलो असतो तर बरे झाले असते.

डिझेलच्या मोहात आम्ही पडलो नाही. महिन्याला सहा-सातशे किलोमीटर चालवणाऱ्याला त्याचा महागडा दुरुस्तीखर्च वसूल होत नाही.

कागदांचे म्हणाल तर एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि फिटनेस कळतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने फेरनोंदणी आणि हरित कराचा खर्च मनात ठेवावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 विकणाऱ्याकडूनच घ्यावा. थकलेली ई-चलने त्याच्यासमोर तपासावीत. विम्यातला नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो आपल्याला मिळणार असे धरून हप्ता मोजू नये. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की तीस दिवसांच्या आत आपण अर्ज करायचा. विमा मात्र चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाकावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. एखादा विकणारा "नाव नंतर करा" म्हणाला तर खरे तर तोच अडचणीत येतो. अपघात झाल्यास आरसीवर ज्याचे नाव तो जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. हे सांगितल्यावर आमचा विकणारा स्वतःच आरटीओत आला.

शेवटी टिळकवाडीतल्या एका निवृत्त शिक्षकांची वॅगन आर दोन लाख पाचला ठरली. एकच मालक आणि सर्व्हिसची पावती प्रत्येक वर्षाची. उरलेल्या पंचेचाळीस हजारांना आम्ही आधीच हात लावायचा नाही असे ठरवले होते आणि ते लागलेच. दोन टायर, बॅटरी, ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड, विमा आणि नावबदल मिळून अडतीस हजार गेले. अडीच लाखांत अडीच लाखांची गाडी घेतली असती तर पहिल्याच महिन्यात उसने मागावे लागले असते. मागच्या डाव्या दाराची काच अजून हाताने धरून वर घ्यावी लागते. बाबा पुढे बसतात, त्यामुळे ते काम दिवाळीनंतर.