स्टॅटिन, मांसपेशीशूल आणि जीवनसत्त्वांची पाकिटे

ॲटोर्वास्टॅटिन वा रोसुवास्टॅटिन घेणारा रुग्ण पिंडऱ्या व मांड्या दुखत असल्याचे सांगतो आणि औषधविक्रेता त्याच्या हाती कोएन्झाइम क्यू-१० किंवा जीवनसत्त्व 'ड'चे पाकीट ठेवतो. (व्यवहारात 'स्नायू दुखतात' म्हणतात; आपल्या परिभाषेत ही मांसपेशींची वेदना होय.)

या सल्ल्यामागील तर्क वरकरणी सबळ आहे. ज्या मेव्हॅलोनेट मार्गाने यकृतात कोलेस्टेरॉल बनते, त्याच मार्गाने शरीर क्यू-१०ही निर्माण करते. स्टॅटिन तो मार्ग आरंभीच रोखते व रक्तातील क्यू-१० घटते. तथापि क्यू-१० बाहेरून दिल्याने वेदना शमते काय, याविषयी चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. 'ड'बाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेतील 'व्हायटल' चाचणीत स्टॅटिन सुरू केलेल्या २,०८३ व्यक्तींचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज २,००० एकके 'ड' घेणाऱ्यांत आणि निरौषध गोळी घेणाऱ्यांत वेदनेचे प्रमाण सारखेच, ३१ टक्के होते. 'ड'ची सिद्ध न्यूनता असल्यास ती अवश्य भरून काढावी. परंतु तो निराळा उपचार झाला.

२०२० मधील 'सॅमसन' चाचणी तर विचार करावयास लावणारी आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० रुग्णांना निरौषध गोळीनेही जवळजवळ ९० टक्के तितकाच त्रास जाणवला. वेदना खोटी नव्हती; तिचे कारण बहुतांशी औषधात नव्हते, इतकेच. जीवनसत्त्व सदैव निरुपद्रवी असते, हाही भ्रमच. सिम्व्हास्टॅटिनसोबत मोठ्या मात्रेत नायसिन (ब-३) दिल्याने मांसपेशीविकार वाढल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले.

म्हणून पाकीट देण्यापूर्वी चौकशी करावी. मूत्र चहासारखे गडद होते काय? जिना चढताना बळ कमी पडते काय? तसे असल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. मांसपेशीनाशाने वृक्क निकामी होऊ शकतात. क्लॅरिथ्रोमायसिन वा जेमफिब्रोझिल सुरू आहे काय, थायरॉइड तपासले आहे काय, हेही विचारावे. सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले, ते याच मांसपेशीनाशामुळे. जेमफिब्रोझिलसोबत तो धोका विशेष होता.

आपल्या कल्पांविषयीही प्रांजळ असावे. गुग्गुळाच्या अर्कानंतर मांसपेशीनाश झाल्याची नोंद २००४ मध्ये झाली आहे. ही लक्षणे नसतील, तर स्टेंट बसविलेल्या रुग्णास 'गोळी सोडा' असे परस्पर सांगू नये. मात्रा वा औषध बदलण्याविषयी त्याच्या हृद्रोगतज्ज्ञांना चिठ्ठी द्यावी.