शतकोटी : एका संख्येचे गणित व अर्थ

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. वाल्मीकींनी शतकोटी रामायण रचिले, तर आपण शतकोटी अभंग रचावे, असा नामदेवांचा संकल्प असल्याची कथा वारकरी संप्रदायात प्रसिद्ध आहे. या संख्येचे गणितातील स्वरूप पाहून मग तिच्या अर्थाकडे वळणे सोयीचे होईल.

शतकोटी म्हणजे एकावर नऊ शून्ये. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानसंज्ञांप्रमाणे हेच अब्ज होय. दहाचे मूळ अवयव २ व ५. म्हणून शतकोटीत नऊ वेळा २ व नऊ वेळा ५ हे अवयव येतात. कोणत्याही विभाजकात २ हा अवयव शून्यापासून नऊपर्यंत, म्हणजे दहा प्रकारे घेता येतो. ५ हाही तसाच. तेव्हा एकंदर विभाजक १० × १०, म्हणजे बरोबर शंभर. शतकोटीचे विभाजकही शतच भरावेत, हा योगायोग मौजेचा आहे.

दुसरा विशेष याहून विरळा. नऊ शून्यांची ही संख्या, ज्यांत एकही शून्य नाही अशा दोन संख्यांचा गुणाकार आहे : ५१२ × १९,५३,१२५. एकाच गुणकात २ व ५ एकत्र आले, की त्याच्या शेवटी शून्य येते. म्हणून सर्व २ एकीकडे व सर्व ५ दुसरीकडे, एवढी एकच विभागणी शक्य असते. दशकोटीच्या बाबतीत ती साधत नाही. कारण २५६ × ३,९०,६२५ यांतील दुसऱ्या गुणकात शून्य शिरते. शतकोटीनंतर हा गुण दहाच्या अठराव्या घातात, म्हणजे शतकोटीच्याच वर्गात, व त्यानंतर तेहतिसाव्या घातात दिसतो. त्यापुढे संगणकाने फार दूरवर शोध घेऊनही तसा घात सापडलेला नाही.

आता संकल्पाकडे वळू. नामदेवांचे आयुष्य १२७० ते १३५०, असे ऐंशी वर्षांचे मानतात. जन्मदिवसापासून धरले, तरी रोज चौतीस हजारांहून अधिक अभंग व्हावयास हवेत. अहोरात्र मिनिटास एक अभंग म्हटला, तर सुमारे १,९०१ वर्षे लागतील. यावरून ‘शतकोटी’ म्हणजे केवळ ‘पुष्कळ’, असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु तो अपुरा आहे.

‘पुष्कळ’ सांगावयास भाषेत ‘असंख्य’, ‘अगणित’ हे शब्द होतेच. शतकोटी ही मात्र कितीही मोठी असली, तरी मर्यादित संख्या आहे. म्हणून तीतून वजाबाकी होऊ शकते. अगणितातून काहीही वजा केले, तरी ‘उरलेले’ असे काही दाखविता येत नाही. नामदेवांनी स्वप्नात येऊन शतकोटीतील उरलेली संख्या पुरी करावयास सांगितले, असे सतराव्या शतकातील तुकारामांच्या अभंगात आहे. तेथे अर्थाचा सारा भार या बाकीवरच आहे. संख्या निश्चित होती, म्हणूनच बाकी उरली. आणि बाकी उरली, म्हणूनच एका कवीचा संकल्प तीन शतकांनंतर दुसऱ्याकडे वारसा म्हणून येऊ शकला.