पोटखराब कुणाला म्हणायचं?

सातबाऱ्याचा उतारा आपल्यापैकी किती जणींनी नीट वाचलाय? बँकेचं कर्ज, पीकविमा किंवा अनुदानाचा अर्ज आला की घरातला पुरुष तलाठ्याकडून किंवा हल्ली मोबाइलवरून तो कागद आणतो, झेरॉक्स निघतात आणि मूळ कागद कपाटातल्या पिशवीत जातो. एकदा सवड काढून तो वाचा. त्यात क्षेत्राच्या रकान्यात एक शब्द सापडेल, ‘पोटखराब’. म्हणजे शेताच्या पोटातली खराब जमीन, लागवडीला नालायक.

आता ही खराब जमीन म्हणजे काय, ते ऐका. तिचे दोन वर्ग असतात. ‘अ’ वर्गात खडकाळ जागा, नाल्याची घळ, खंदक, शेतातलं खळं आणि गोठाघर येतं. ‘ब’ वर्गात आपल्याच जमिनीतून जाणारा रस्ता, वहिवाटीची पाऊलवाट, मालकाशिवाय इतरांनाही पाणी देणारा ओढा किंवा तळं, कुणाची दफनभूमी, स्मशान अशी सार्वजनिक उपयोगाची जागा येते. पहिल्या वर्गातली जमीन मोजणीच्या वेळीच अयोग्य ठरलेली, दुसरी गावाच्या वापरासाठी सोडलेली. दोन्हींवर सरकार आकार लावत नाही, म्हणजे शेतसारा घेत नाही.

मला हे वाचून गंमत वाटली. ज्या ओढ्यावर बायका धुणं धुतात, ज्या वाटेने सरपण आणतात, ज्या बांधालगतच्या गवतावर शेळी जगते, त्या सगळ्याचं सरकारी नाव ‘खराब’! पण त्याच कागदात एक जुना शहाणपणाही आहे. तुमच्या जमिनीवर गावाचा हक्क असेल, तर तेवढ्या जमिनीचा सारा तुमच्याकडून घ्यायचा नाही. मालकी तुमची, वापर सगळ्यांचा, आणि त्या बदल्यात करमाफी.

साताऱ्याच्या घाटातल्या किंवा कोकणातल्या देवराईची गोष्ट मी सांगत नाहीये. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या फुलंब्री, पैठण, कन्नड, सिल्लोडच्या काळ्या रानातलीच ही नोंद आहे.

अमेरिकेतला करार

अशाच विचाराचा फार मोठा कायदा अमेरिकेत आहे. तिथला शेतकरी आपल्या जमिनीवर एक कायमचं बंधन घालून घेतो. इथे प्लॉट पडणार नाहीत, कारखाना येणार नाही, रान तोडलं जाणार नाही. जमीन त्याचीच राहते, तो कसतो, विकतो, मुलांना देतो, पण बंधन जमिनीबरोबर जातं. पुढच्या मालकालाही ते पाळावं लागतं. प्लॉट पाडण्याचा हक्क सोडल्यामुळे जमिनीची किंमत जेवढी घटते, तेवढं जणू दान केलं असं धरून त्याला आयकरात सूट मिळते. १९७६ साली ही सूट तात्पुरती आली, १९८० साली कायम झाली. पुढे ती आणखी वाढवली, आणि २०१५ साली ती वाढही कायम झाली. ज्याची मुख्य कमाई शेतीचीच आहे, तो एका वर्षाच्या सगळ्या उत्पन्नाएवढी सूट घेऊ शकतो, आणि उरलेली पुढची पंधरा वर्षं वापरू शकतो. अर्थात पैसा दिसला की चलाख माणसं येतातच. जमिनीची किंमत फुगवून दाखवायची आणि गुंतवणूकदारांना कर वाचवून द्यायचा, असा धंदा तिथे बोकाळला. २०२२ च्या अखेरीस त्यांच्या संसदेला त्यावर कायद्याने लगाम घालावा लागला.

आपल्याकडे असं का नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर अगदी साधं आहे. आपल्या शेतकऱ्याला शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. जिथे करच नाही तिथे सूट कशातून देणार? आणि शेतसारा म्हणाल, तर सातबाऱ्यावरचा आकार इतका थोडा असतो की चहाच्या कपाएवढाही वाटत नाही. तो माफ झाला म्हणून कुणी ओढा राखणार नाही.

उलट पोटखराबचा आपल्याकडे तोटाच होतो. त्या क्षेत्रावर पीककर्ज मिळत नाही, नुकसानभरपाईत ते धरत नाहीत. म्हणून अनेकांनी खडक फोडून, गाळमाती टाकून ती जमीन वाहिताखाली आणली होती, पण कागदावर ती खराबच राहिली. २०१८ साली सरकारने नियम बदलला आणि ‘अ’ वर्गातली अशी जमीन लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेण्याची सोय केली. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच झालं. पण नाला आणि गवत तसंच ठेवणाऱ्याला काय मिळालं? काही नाही. राखणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, मोडणाऱ्याच्या पडतं, ही आपल्या कागदांची तऱ्हा आहे.

आठ किलोमीटरची रेघ

कराचा प्रश्न आपल्याकडे येतो तो जमीन विकताना. ही गोष्ट प्रत्येक बाईला माहीत असावी, कारण विक्रीची बोलणी बहुतेक वेळा ओसरीवर होतात आणि आपल्याला स्वयंपाकघरातून चहा पाठवायचा असतो.

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आतली शेतजमीन आयकराच्या नजरेत साधी शेतजमीन राहत नाही, ती गुंतवणूक ठरते आणि विकल्यावर नफ्यावर कर लागतो. दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या गावासाठी हे अंतर दोन किलोमीटर आहे, एक ते दहा लाखांसाठी सहा, त्याहून मोठ्या शहरासाठी आठ. अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत मोजतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या वर गेली, म्हणजे इथे आठ किलोमीटर. त्या रेषेपलीकडची खेड्यातली जमीन विकली तर हा कर नाही.

म्हणजे आयकराला एवढंच कळतं की शेत शहरापासून किती लांब आहे. तिथे चिंचेची जुनी झाडं आहेत की माळ, विहिरीला पाणी आहे की नाही, याचं त्याला काही नाही.

एक वाट मात्र कायद्याने ठेवली आहे. रेषेच्या आतली जमीन विकणाऱ्याने, किंवा त्याच्या आईवडिलांनी, विक्रीआधी दोन वर्षं ती कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत त्याने दुसरी शेतजमीन घेतली, तर त्या रकमेपुरता नफा करातून सुटतो. शेताच्या बदल्यात शेत, एवढाच हा सौदा. घरात विक्रीची गोष्ट निघाली तर हा मुद्दा सहज टाकून बघा. आलेल्या पैशातून गाडी आणि बंगला होतो, पण पुढच्या पिढीला कसायला काय राहतं, हे विचारायला दुसरं निमित्त लागत नाही. आकडेमोडीसाठी मात्र सीएकडेच जा.

शेंद्रा आणि बिडकीनकडे औद्योगिक पट्टा उभा राहिला, तेव्हा हेच प्रश्न गावोगाव आले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ऑरिक शहराचं लोकार्पण झालं, आणि त्याच दिवशी इथे राज्यभरातल्या बचत गटांच्या महिलांचा मेळावाही भरला होता. बायका कर्जाच्या आणि उद्योगाच्या योजना ऐकायला आल्या होत्या. जमीन देताना आपलं मत कुणी विचारलं होतं का, असा विषय अशा मेळाव्यात कुठून निघणार?

स्वतःच घातलेली कुंपणं

कायदा नसताना माणसांनी स्वतःवर बंधन घालून घेतल्याचं उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर ग्रामसभेने एकेक ठराव केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही, आणि बाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा हिशोब मांडून रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. पवारांना पुढे २०२० साली पद्मश्री मिळाली.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण थांबून विचार करा. स्वतःच्या विहिरीवर ऊस न लावणं किंवा चांगला भाव देणारं गिऱ्हाईक परत पाठवणं हे सोपं नसतं. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला त्याबद्दल करात सूट मिळते, हिवरे बाजारच्या शेतकऱ्याला कुठलाच कर माफ झाला नाही. त्याला मिळालं ते विहिरीतलं पाणी. उन्हाळ्यात हंडा घेऊन किती लांब जायचं, याची चिंता गेली. ही सूट बाईच्या खात्यावर जमा होते, असं मी म्हणेन.

करातली सूट बायकांच्या हिशोबात कशी द्यायची, हे आपल्या वाळूजजवळच्या पाटोद्याने दाखवलं. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना ग्रामपंचायतीने ठरवलं, जो घरपट्टी-पाणीपट्टी पूर्ण भरेल त्याच्या घरचं दळण गिरणीत फुकट. त्याचा शेतजमिनीच्या कराशी संबंध नाही, पण युक्ती बघा. कराची आठवण नवऱ्याला कोण करून देणार? ज्या बाईला डबा घेऊन गिरणीत जायचंय, तीच. ग्रामसभेला अशी सूट उद्या बांधावरची झाडं राखणाऱ्यालाही देता येईल. मुंबई-दिल्लीच्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

नाव कुणाचं आहे?

या सगळ्यात ग्यानबाची मेख एकच. जमीन राखायची की विकायची, हे ठरवताना सही ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याचीच लागते. शेतात राबणारी बाई त्या कागदावर बहुधा नसते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली ती याचसाठी. नवऱ्याने आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावावं. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने त्यात पुढाकार घेतला. १९९२ साली राज्य सरकारनेही तसा निर्णय काढला, आणि नवऱ्याच्या अर्जावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय झाली. त्याला फी नाही. वेगळी वाट म्हणजे बक्षीसपत्र. पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, इतर अधिभार वेगळा. २०२१ पासून महिलेच्या नावाने खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण ती राहत्या घराला. शेतजमीन तिच्या नावाने घेतली तर नाही. बाईला घर हवं असतं, शेत कशाला, असा काहीसा हिशोब सरकारने केला असावा.

माहेरची बाजूही आहेच. २००५ पासून मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. तरी भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं की बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. तिच्या मनातलं मी समजू शकते. पण सही करण्याआधी कागद घरी आणून वाचा, आणि त्या जमिनीचं पुढे काय करणार आहात, एवढं भावाला विचारा. उद्या तिथे प्लॉट पडायचे असतील तर तो हक्क तुम्ही भावासाठी सोडत नाही, बिल्डरसाठी सोडता.

नाव नसलं तरी जमिनीचा एक तुकडा बायकांनी मागून घेतल्याचं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. धाराशिव आणि लातूरकडे स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने बायकांनी घरच्यांकडून एकेक एकर मागितलं. उसा-सोयाबीनच्या रानातलं एक एकर, ज्यात त्या ठरवतील ते पेरायचं. त्यांनी डाळी, ज्वारी-बाजरी, भाज्या अशी मिश्र पिकं घेतली. पाणी कमी लागतं, रासायनिक खत टाळता येतं, आणि बाजार पडला तरी घरातला डबा भरतो. संस्थेला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या एकराची सातबाऱ्यावर वेगळी नोंद नसते. पण दुष्काळाच्या वर्षी घरातलं धान्य त्यातूनच निघालं की पुढच्या वर्षी ते परत मागायला सासरा कचरतो.