गोड्या पाण्यांतील पट्टेरी बास

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील पट्टेरी बास हा जन्मानें नदीचा, पण वाढीनें समुद्राचा मासा होय. रुपेरी अंगावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळसर रेघा ही त्याची खूण. नर्मदेंत चढणारा पाला ज्याप्रमाणें अंडीं घालण्यासाठीं समुद्र सोडतो, त्याचप्रमाणें हाही वसंत ऋतूंत नदीची वाट धरतो. अशा माशास समुद्रापासून कायमचें तोडलें तर त्याचा वंश चालेल काय, या प्रश्नाचें उत्तर एका धरणानें दिलें.

साउथ कॅरोलायना राज्यांत सँटी नदी अडवून १९४१-४२ च्या सुमारास मॅरियन व मोल्ट्री हीं दोन विस्तीर्ण सरोवरें निर्माण झालीं. समुद्राकडे जाण्याची वाट तुटलेले कांहीं बास धरणाच्या वरच्या अंगास अडकले. ते नाहींसे झाले नाहींत; उलट त्यांची वीण वाढत गेली, आणि १९५० च्या दशकांत शास्त्रज्ञांनीं तिची नोंद केली. याचें रहस्य अंड्यांत आहे. एक मोठी मादी लाखों अंडीं सोडते. अंडें पाण्याहून किंचित् जड असतें. पाण्याची उष्णता ६५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतां तें सुमारें दोन दिवसांत फुटतें. परंतु तेवढा वेळ वाहत्या पाण्यानें त्यास अधांतरीं धरून ठेविलें पाहिजे. प्रवाह मंदावला कीं अंडें गाळांत बसतें व गुदमरतें. मॅरियन सरोवरास पाणी पुरविणाऱ्या काँगरी व वॉटरी या नद्यांना पुरेशी लांबी व ओढ होती, म्हणून हा वंश तगला. टेक्सस व ओक्लाहोमा यांच्या सीमेवरील टेक्सोमा सरोवरासही रेड व वॉशिटा या नद्यांमुळें हेंच भाग्य लाभलें. अन्य बहुतेक सरोवरांत मात्र मत्स्यबीज सोडूनच हा मासा राखावा लागतो.

हा मासा पकडूं पाहणाऱ्यास आधीं पाणी ओळखावें लागतें. बासाच्या गरजा मुख्यतः दोन : प्राणवायूनें युक्त असें थंड पाणी, आणि शॅड नांवाच्या लहान चंदेरी माशांचे थवे. या दोहोंचा मेळ ऋतूप्रमाणें जागा बदलतो, आणि बासही तिच्यामागून फिरतो. वसंतांत तो सरोवरास मिळणाऱ्या नद्यांच्या मुखाशीं जमतो व प्रवाहाविरुद्ध वर चढतो. शरद् ऋतूंत पाणी निवूं लागलें म्हणजे बासांचे थवे शॅडना पृष्ठभागाकडे रेटतात. पाणी उकळल्यासारखें दिसतें आणि समुद्रपक्षी वर घिरट्या घालूं लागतात. अशा वेळीं होडी थव्यांत घुसविल्यास सर्व मासे बुडी मारतात. यंत्र दूरच बंद करून, वाऱ्यावर वाहत येऊन, थव्याच्या कडेस आमिष फेकणें हें शहाणपणाचें.

धरणाच्या पायथ्याशीं जलविद्युत् यंत्रें चालूं असतां त्यांतून बाहेर पडणारे जखमी शॅड खालीं वाहत येतात. जेथें वेगवान धार व शांत पाणी एकमेकांस भिडतात, त्या रेषेवर बास टपून बसतो. आमिष वरच्या अंगास टाकून धारेबरोबर सहज वाहूं द्यावें. मात्र येथें पाणी अचानक चढतें. भोंगा ऐकूं येतांच कांठ गाठावा.

जिवंत शॅड हें सर्वोत्तम आमिष. तो पागानें पकडतात आणि हवा खेळती ठेवलेल्या गोल टाकींत राखतात. चौकोनी टाकीच्या कोपऱ्यांत तो अडकतो व खवले घासून मरतो. सहा ते दहा इंचांचा शॅड नाकपुड्यांतून गळास टोचावा. मासे खोल असतील तर दोरीस शिसें बांधून आमिष त्यांच्या किंचित् वरच राखावें, कारण बास बहुधा वर येऊन भक्ष्य घेतो. गळ लागल्यावर त्याची पहिली धांव विलक्षण जोराची असते. ती अडविणाऱ्याची दोरी तुटते. रिळाचा दाब बेताचा ठेवून ती जाऊं द्यावी. अलाबामांतील ब्लॅक वॉरियर नदींत २०१३ सालीं ६९ पौंड ९ औंस वजनाचा बास मिळाला, यावरून या बळाची कल्पना यावी.

उन्हाळ्याची गोष्ट मात्र वेगळी. तेव्हां वरचें पाणी तापतें आणि तळाशीं प्राणवायू उरत नाहीं. या दोहोंमधील अरुंद थरांत, धरणाजवळ अथवा जुन्या नदीपात्राच्या खोल भागांत, मोठे बास कोंडून राहतात. कारण मासा जितका मोठा, तितकें थंड पाणी त्यास अधिक हवें असतें. पाणी ७७ अंशांपलीकडे गेलें कीं तो कष्टी होतो. असा मासा झुंजवून तापलेल्या पृष्ठभागावर आणला व दयाबुद्धीनें सोडून दिला, तरी तो पुष्कळदां वांचत नाहीं. तो पोहत दिसेनासा होतो आणि मागाहून खोल पाण्यांत मरतो. वर्तुळाकार गळ जबड्याच्या कोपऱ्यांत रुतत असल्यानें आंतड्यांची इजा टळते. पण उष्णतेवर त्याचा उपाय चालत नाहीं. म्हणूनच सँटी-कूपरच्या सरोवरांत ऐन उन्हाळ्यांत या माशाची पकड कायद्यानें बंद असते.

जेथें अशी बंदी नाहीं, तेथें हा नियम गळ टाकणाऱ्यानें स्वतःच पाळावयाचा. उन्हाळ्यांत खाण्यापुरते, नियमानें अनुज्ञा असलेले मासे मिळाले कीं काठी आंवरावी. केवळ खेळासाठीं आणखी पकडून सोडूं नयेत. शरदांत पाणी निवेल, पक्षी पुन्हां घिरट्या घालतील, आणि उन्हाळ्यांत राखलेला मासा तेव्हां भेटेल.